किसनभाऊ ‘सोडा’ म्हणेपर्यंत

लोणावळ्यात मी घरं विकतो. घरं लोकांची, बोलणं माझं. माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करून ऐकायचं असतं, हे बाजारातल्या चिक्कीवाल्यापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. वलवणच्या पावसाचंच घ्या. एका आषाढात वलवणला प्लॉट दाखवून परत आलो आणि दारात छत्री झटकली, तर आतून मासा पडला. जिवंत. शिंकत होता बिचारा. गिऱ्हाइकांना मी हे सांगत नाही. गिऱ्हाइकांना सांगतो, की वलवणात पाऊस बेताचा असतो.

त्या वलवणात, धरणाच्या अंगाला, जरा उंचावर किसनभाऊंचं घर होतं. तीन खोल्या, वर कौलं, पुढे अंगण, आणि अंगणातून थेट नदीकडे उतरणारी वाट. सुट्ट्या साठवून साठवून त्यांनी ते स्वतः बांधलं होतं. गवंड्याला फक्त चहा प्यायला बोलावत असत म्हणे.

किसनभाऊ रेल्वेत होते, घाटात. पुण्याकडून मुंबईला निघालेली गाडी लोणावळ्याला थांबते, तेव्हा माणसांना वाटतं आपल्या चिक्कीसाठी थांबली. गाडी थांबते ती ब्रेक तपासायला. घाट उतरायचा तर आधी पुरतं थांबायचं. मग खालून माणसं वाकून जाणार, टकटक करणार, ब्रेक धरतोय का, सुटतोय का बघणार आणि सगळं ठीक असलं की एक जण हात वर करून ओरडणार, ‘सोडा.’ गाडीत मंत्री असो की म्हशी, तोवर चाक हलत नाही. किसनभाऊंनी ते काम इतकी वर्षं केलं, की ते त्यांच्या अंगात शिरलं. उतार दिसला की माणूस थांबायचा. देवळाची पायरी असो, एसटीची असो, नाहीतर स्वतःच्या अंगणाची. थांबायचे, टाच दोनदा जमिनीवर आपटायचे, स्वतःशीच ‘सोडा’ म्हणायचे आणि मगच पाऊल खाली टाकायचे.

एकदा त्यांच्या पुतण्याच्या लग्नात नवरदेव घोड्यावर बसून वरातीनं निघाला. वाटेत आला उतार. किसनभाऊंनी घोडा अडवला. खोगिराचा पट्टा ओढून पाहिला, चारी नाल तपासले, नवरदेवाचीही मांडी दाबून पाहिली. बँड थांबला, मुहूर्त डोक्यावर आला, नवरीचा मामा तांबडालाल झाला. किसनभाऊ शांत. सगळं बघून झाल्यावर हात वर करून म्हणाले, ‘सोडा.’ तेव्हापासून तो घोडा कुठल्याही उतारावर आपोआप थांबतो, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच.

त्यांची बायको पारूमावशी, चिमणीएवढी. आवाज मात्र भोंग्याचा. ती सांगायची, ‘आमच्या लग्नात बोहल्यावरनं उतरताना बी थांबलं व्हतं हे येडं. मला वाटलं, गड्याचं मन बदाललं.’ किसनभाऊ त्यावर एवढंच म्हणायचे, ‘तपासून घेतलं म्हनून तर टिकलं.’

अशा या माणसानं एका दिवाळीत घर विकायला काढलं आणि माझ्या धंद्यातली सगळ्यात अवघड केस सुरू झाली.

कारण असं. वलवणात पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत. दोरीवर टाकले तर त्यांना शेवाळ येतं. म्हणून तिथं शेगडीत निखारे घालून त्यावर बांबूचा टोपला पालथा ठेवतात आणि टोपल्यावर ओले कपडे पसरतात. सदऱ्याला, लुगड्याला, लंगोटाला सगळ्याला धुराचा वास. किसनभाऊ स्टेशनात शिरले, की न बघता कळायचं. पण पारूमावशीनं चार महिने त्या शेगडीशी बसायचं, मागच्या भिंतीला ओल, पुढे धूर, आणि हे दर वर्षी. तिची छाती भरली. त्या पावसाळ्यात ती बोलताना मधे मधे थांबायला लागली. तिचा भोंगा थांबला की आळीला कळायचं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, पुढचा पावसाळा इथं काढू नका. कोरड्या हवेत न्या. तळेगाव, सोमाटणे, कुठंही. घाटापासून जरा लांब गेलं की पुरे.

बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही, पण लोकलनं अर्धा तास पुण्याकडे गेलं की पाऊस अर्ध्याहून कमी होतो. मी दोघांना घोरावाडीला एक नवी इमारत दाखवायला नेलं. स्टेशनासमोरच. तिथं दोन फ्लॅट शिल्लक होते. एक मागच्या अंगाचा. त्याच्या खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत, हात बाहेर काढला तर शेजारणीच्या भांड्याला लागेल अशी. हा स्वस्त. दुसरा पुढचा, दक्षिणेकडे गॅलरी असलेला. हा महाग.

पारूमावशी गॅलरीत गेली. बिल्डरच्या माणसानं प्लॅस्टिकची खुर्ची दिली. ती बसली, अंगावर ऊन घेतलं, आणि बसल्या बसल्या झोपली. मी बोलत होतो, बिल्डरचा माणूस बोलत होता, खालून लोकल गेली, तरी ती उठली नाही. खोकली नाही. किसनभाऊ दारात उभे राहून बघत होते. बऱ्याच वेळानं मला म्हणाले, ‘लगीन झाल्यापास्नं हिला दिवसाची झोपलेली पयल्यांदा बगतोय मी.’

वलवणच्या घराचा भाव तिथं ठरला. पुढचा फ्लॅट घ्यायला जेवढे लागतील तेवढे, त्याच्या वर काही नको. आकडा मी सांगत नाही, कारण मी सांगितलेला आकडाही तुम्ही निम्मा कराल. पण भाव चढा होता, हे मी त्यांना त्याच दिवशी परतीच्या गाडीत सांगितलं. किसनभाऊ म्हणाले, ‘चढायचं म्हनलं का मागनं ढकलावं लागतं. तू ढकल.’

मी ढकलायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं आणली. हिवाळ्यात लोणावळ्याचं घर नवरीसारखं दिसतं. मी आतून रंग लावून घेतला आणि पश्चिमेच्या भिंतीवर ओलीचा जो डाग उमटला होता, त्यावर भलंमोठं गणपतीचं कॅलेंडर लावलं. मुंबईचं एक जोडपं आलं. बाई तर अंगण बघूनच विरघळली. पुरुष भाव ऐकूनही दचकला नाही. मी मनातल्या मनात पेढे वाटले. एवढ्यात किसनभाऊ उठले, कॅलेंडर काढून त्यांनी खाली ठेवलं, आणि त्या माणसाला म्हणाले, ‘साहेब, हितं हात लावा.’

त्यानं हात लावला.

‘आत्ता गार लागतंय. आखाडात पानी गळंल. ही भिंत दर साली बाहेरनं गवतानं झाकावी लागती, न्हाईतर आत ऱ्हाऊ देत न्हाई.’

जोडपं चहाचा कप अर्धा ठेवून निघालं. मी डोकं धरून बसलो. म्हणालो, किसनभाऊ, रोगी बायकोचा नवरा असून तुम्ही हे काय चालवलंय. त्यांनी कॅलेंडर पुसून दुसऱ्या भिंतीला लावलं आणि म्हणाले, देवाला असल्या कामाला लावू नये. मावशी मात्र त्या दिवशी मला दिसली नव्हती. नंतर कळलं, की गिऱ्हाईक आलं की ती चहा ठेवून मागे गोठ्यात जाऊन बसायची. खोकल्याचा आवाज ऐकून कुणी घराला नाव ठेवू नये म्हणून.

मग आले मास्तर. तळेगावच्या शाळेतून निवृत्त झालेले, एकटेच, पुस्तकं ठेवायला थंड जागा शोधत होते. त्यांनी न सांगता भिंतीला हात लावला, हसले, म्हणाले, माझं आजोळ घाटातलं आहे, मला ओल कळते. घर त्यांना आवडलं. पण त्यांच्याकडे पैसे होते ते आमच्या भावाहून बरेच कमी. मी खुणेनं किसनभाऊंना बाहेर घेतलं. सांगितलं, हो म्हणा. एवढ्यात मागचा फ्लॅट येतो. तो तरी कोरडा आहे. पावसाळ्याआधी मावशी घाटातून सुटेल.

‘तितं ऊन न्हाई,’ किसनभाऊ म्हणाले.

मी म्हणालो, ऊन नाही पण ओलही नाही.

‘ती झोपली ती उनात झोपली, एजंट. तू व्हतास की.’

मग त्यांनी मला घाट समजावून सांगितला, जणू मी कालच जन्मलो. भाव म्हणजे गाडीच. वर असते तोवर तुमच्या हातात असते. एकदा उताराला लावली की मग मधे थांबवता येत नाही. आज मास्तरासाठी थोडी सोडली, की उद्या दुसरा आणखी सोड म्हणणार. म्हणून सोडायच्या आधी पुरतं थांबायचं. गिऱ्हाईक यायचं पार बंद होऊ दे, एक पूर्ण महिना दारात कुणी येऊ नये, मग समजायचं गाडी थांबली. मग तपासायचं. मगच सोडायचं. घाटात त्यांची एकही गाडी हाताबाहेर सुटली नव्हती, आणि हे ते मला अशा थाटात सांगत होते, की मलाही क्षणभर पटलं.

पण झालं असं, की गाडी थांबेनाच. पंधरा दिवसांनी कुणीतरी यायचं. बघायचं, हात लावायचं, जायचं. कुणी आलं की किसनभाऊंचा महिना पुन्हा पहिल्यापासून सुरू. माघ गेला, शिमगा गेला, आंबे आले. मास्तर दर रविवारी मला फोन करून विचारायचे, काही हललं का.

वैशाखात मी असाच गेलो होतो. किसनभाऊ पश्चिमेच्या भिंतीला बांधायला गवत कापून आणायला गेले होते. पारूमावशी अंगणात उन्हाला बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘लेका, त्यांना सांग भाव उतरव म्हनावं. मला मागचा बी चालंल. ऊन काय, मी खुर्ची घिऊन खाली रस्त्यावर बसंन की. जानाऱ्या-येनाऱ्याला रामराम घालीन.’

मी म्हणालो, मावशी, तुम्हीच सांगा ना.

तिनं वाटेकडे बघितलं. ‘मी सांगितलं तर त्यांला वाटंल मी घाबारले.’ मग थांबली, दम घेतला. ‘तू सांग. तुझं खोटं बी त्यांला खरं वाटतं.’

मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा काही न वाढवता सांगितलं. किसनभाऊंनी ऐकलं, गवताची पेंढी खाली ठेवली आणि म्हणाले, शेवटचं गिऱ्हाईक येऊन गेल्याला अजून महिना झाला नाही.

इथून पुढचं सांगताना मी काही वाढवलेलं नाही. वजाबाकी करू नका.

आषाढाच्या मध्यावर एका सकाळी मी ऑफिस उघडत होतो. माझ्या ऑफिससमोर रस्ता उंच आहे, दोन पायऱ्या उतरून आत यावं लागतं. किसनभाऊ आले. इरलं नाही, छत्री नाही. त्या पायऱ्यांपाशी ते थांबले नाहीत. टाच आपटली नाही. तसेच धडाधड खाली आले आणि टेबलाला धरून उभे राहिले. सगळं अंग गळत होतं. मला आधी त्या पायऱ्याच दिसल्या.

‘सोड,’ ते म्हणाले.

मी विचारलं, किती खाली यायचं.

‘मास्तर म्हनंल तितकं. त्याच्या बी खाली सोड. पर आज सोड.’

मास्तरांनी आधीचाच आकडा दिला, एक पैसा कमी केला नाही. त्याच दुपारी टोकन झालं. घोरावाडीचा मागचा फ्लॅट मी फोनवर धरून ठेवला. गणपतीच्या आधी राहायला जायचं ठरलं. पारूमावशीनं सामान बांधायला घेतलं. शेगडी मागे ठेवायला ती तयार होईना. किसनभाऊ म्हणत, तिथं शेगडी कशाला लागतेय, आणि ती म्हणे, तिथल्या पोरींना दाखवायला. बांबूचा टोपला तिनं शेजारणीला देऊन टाकला. एक लुगडं तेवढं तिनं धुराशिवाय वाळवायचं ठरवून पिशवीत न धुताच ठेवलं, घोरावाडीला धुऊन रस्त्यावर उन्हात टाकीन म्हणाली.

नागपंचमी झाली आणि तिचा श्वास अडकायला लागला. तळेगावला दवाखान्यात नेलं. तिथं कोरड्या हवेत ती तीन दिवस होती. चौथ्या दिवशी तिला परत वलवणला आणलं.

पाऊस कोसळत होता. अख्खं वलवण अंगणात उभं होतं, कांबळी आणि प्लॅस्टिक डोक्यावर घेऊन. चौघांनी तिरडी उचलली. चिमणीएवढी बाई, दोघांनीही नेली असती. अंगणाच्या टोकाशी आले आणि थांबले. तिथून नदीकडे उतार लागतो.

कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पण त्या गावानं तीस वर्षं तो उतार किसनभाऊंच्या सोबत उतरला होता, पाय आपोआप थांबले. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. भटजीही गप्प झाला. किसनभाऊ तिरडीजवळ गेले. दोरीची गाठ ओढून पाहिली. पायाकडची गाठ पाहिली. पावसानं तिच्या तोंडावरचा पदर चिकटला होता, तो नीट केला. मग उभे राहिले. पाऊस पडत होता. कुणी खोकलं नाही, कुणी घाई करा म्हटलं नाही. त्यांनी हात वर केला आणि तो वरच राहिला, आवाज येईना. पुढच्या खांदेकऱ्याचे पाय चिखलात रुतायला लागले, तरी तो हलला नाही.

‘सोडा,’ ते म्हणाले. इतक्या हळू, की मागच्यांना ऐकू गेलं नसावं. पण चौघं खाली उतरले.

तेरावं झाल्यावर मी त्यांना भीत भीत म्हणालो, मास्तर समजूतदार आहेत, व्यवहार मोडता येईल. किसनभाऊ म्हणाले, शब्द दिलाय. आणि ती भिंत आता मला झाकवत नाही.

घोरावाडीला करार करायला मी सोबत गेलो. बिल्डरचा माणूस आम्हाला बघून खुशीत आला. त्याला काहीच माहीत नव्हतं. म्हणाला, काका, तुमचं नशीब. मागचा कशाला घेताय, पुढचा घ्या की, गॅलरीचा. तेवढ्याच पैशात. साहेबांनी भाव उतरवलाय.

मी त्याला डोळ्यांनी गप्प करायला बघत होतो, पण विकणाऱ्या माणसाला दुसऱ्या विकणाऱ्याचे डोळे कळत नाहीत.

किसनभाऊंनी विचारलं, कधी उतरवला.

‘गेल्या आठवड्यात. वर्षभर अडून बसले होते साहेब. म्हणत होते, बघू, अजून थांबू. गिऱ्हाईक यायचंच बंद झालं, मग काय करतात.’

एका रेल्वेवाल्यानं दुसऱ्याची चौकशी करावी तसं किसनभाऊ म्हणाले, ‘म्हंजी त्यांनी बी पुरतं थांबूनच सोडला.’

त्यांनी पुढचा फ्लॅट घेतला.

संक्रांतीच्या सुमारास मी तिकडे गेलो होतो, तेव्हा वर चढून गेलो. घर स्वच्छ होतं, फार स्वच्छ. त्यांनी स्वतः चहा केला. गॅलरीत एक लाकडी खुर्ची होती, बसायला पाट घालून केलेली, वलवणची. मी तिच्यावर बसायला गेलो तर म्हणाले, आत बस. मग आम्ही आत बसलो. मी मास्तरांचं सांगितलं, की त्यांनी भिंतीला गवत बांधायला माणूस शोधलाय, आणि त्यांची पुस्तकं भिजलीच. ते थोडं हसले. बोलता बोलता मधेच उठायचे, गॅलरीत जायचे, खुर्चीला हात लावून यायचे आणि पुन्हा बसायचे. मला वाटलं, म्हाताऱ्याला स्वस्थता नाही.

‘लय कोरडं हाय हितं,’ ते म्हणाले. ‘सकाळी धुतलेला सदरा चहा पिऊस्तोवर कडक. पर घालवत न्हाई रे. वासच न्हाई त्याला कसला.’

निघताना ते जिन्यापर्यंत आले. मी पहिल्या पायरीशी थांबलो. सवयीनं. मागे उभे राहून ते टाच आपटतील, म्हणतील, आणि मग मी उतरेन, असं वाटलं. ते कठड्याला धरून उभे होते.

‘जा,’ ते म्हणाले.

मी उतरलो. स्टेशनावर लोणावळ्याची लोकल यायला वेळ होता. समोरच ती इमारत, ती गॅलरी. ऊन गॅलरीच्या अर्ध्या भागातून कलत होतं आणि खुर्चीचा एक पाय सावलीत गेला होता. किसनभाऊ आतून आले. त्यांनी खुर्ची दोन्ही हातांनी धरली, तिच्यावर कुणी झोपलेलं असावं तशी, हळूच उचलली, आणि उन्हात सरकवली. मग दारातल्या सावलीत जाऊन उभे राहिले.

गाडी आली. चढेपर्यंत मी बघत होतो. ऊन आणखी सरकलं, आणि ते पुन्हा बाहेर आले.